डोकेदुखी आधी, भिंत नंतर

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

माझे यजमान ४४ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी सासूबाईंनी दिली. तिसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) वाढलं, बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय असं, निघालं आणि तीन दिवस स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं झाली. किडनी सावरली, पण तेव्हापासून शुगर वाढलेली राहते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत. सल्फाची एक गोळीही होती. मध्यंतरी ती दुकानात मिळाली नाही, मग राहूनच गेली. आम्ही कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो. २०२४ च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं, तेव्हापासून एका भिंतीला ओल आणि काळे ठिपके आहेत. समोर पारव्यांना दाणे टाकायचा चबुतरा आहे, पारव्यांच्या विष्ठेनं गॅलरी भरते. यजमानांना जांघेत नायटा झाला होता. मेडिकलवाल्यानं दिलेल्या ट्यूबनं आठवड्यात गेला, मग मांडीभर पसरला. आता तो फ्लुकोनाझोलची गोळी आठवड्यातून एकदा घ्या म्हणतो. नणंद म्हणते, भिंतीमुळे ब्लॅक फंगस होईल, घर सोडा. दीर म्हणतात, प्रतिकारशक्तीच्या गोळ्या निम्म्या करा. सासूबाईंनी गुळवेल आणून ठेवली आहे. चार दिवसांपासून यजमानांचं डोकं दुखतंय, पण ते चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे असावं. आम्ही नक्की काय करावं?

– एक वाचक, वडोदरा

उत्तर

ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी ‘पण’ लावून जे वाक्य लिहिलंत, ते आम्ही सगळ्यात आधी घेतो. पाच महिन्यांपूर्वी ट्रान्सप्लांट, दोन महिन्यांपूर्वी रिजेक्शनचा उपचार, वाढलेली शुगर आणि चार दिवसांची डोकेदुखी. एवढं एकत्र आलं की चष्म्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. हा अंक हातात असेल तेव्हाही डोकं दुखत असेल, तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला आजच फोन लावा. पुढच्या ओपीडीची वाट पाहू नका. रविवार असेल तर इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा, ‘ट्रान्सप्लांट पेशंट आहे, शुगर आहे, डोकं दुखतंय.’

फोन लावण्याआधी दहा मिनिटं काढा. यजमानांना खिडकीच्या उजेडात बसवा. दोन्ही पापण्या सारख्या उघडतात का, एक डोळा सुजलेला किंवा पुढे आलेला वाटतो का, ते पाहा. एकेक डोळा झाकून वाचायला लावा. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारा, एकाचे दोन दिसतात का. कापसाचा बोळा दोन्ही गालांवर फिरवा. एका बाजूला बधिर किंवा ‘जाड’ लागतं का? गालाचं हाड आणि डोळ्याच्या आतला कोपरा हलकेच दाबून पाहा, एकाच बाजूला दुखतं का. तोंड उघडून टॉर्चनं टाळू बघा: पांढुरका, राखाडी किंवा काळपट डाग, एखादा हलणारा दात. पांढऱ्या रुमालात नाक शिंकरायला सांगा आणि तपकिरी किंवा रक्ताळ काही येतं का ते बघा. शेवटी सरळ प्रश्न विचारा: आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं? उत्तराला नेहमीपेक्षा वेळ लागला, तर तेही फोनवर सांगायचं. यातलं एक जरी सापडलं तरी फोनवर थांबू नका, थेट निघा. काहीच सापडलं नाही तरी फोन करायचाच आहे.

एवढी घाई करायची कारणं दोन. पहिलं म्युकर, म्हणजे तुमच्या नणंदेचा ब्लॅक फंगस. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, वाहिनी बुजवते आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. म्हणजे काळेपणा हे उशिराचं लक्षण आहे. ‘काळं काही दिसत नाही ना, मग ठीक आहे’ म्हणत थांबलेले पेशंटच डॉक्टरांकडे उशिरा पोचतात. सुरुवात एका बाजूच्या दुखण्यानं, बधिरपणानं, चोंदलेल्या नाकानं होते. सायनसमधून डोळा आणि डोळ्यातून मेंदू हा प्रवास काही दिवसांत होऊ शकतो.

दुसरं कारण क्रिप्टोकोकस. ही बुरशी पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढते, धुळीबरोबर फुप्फुसात जाते आणि तिथून मेंदूच्या आवरणाकडे. तिचं दुखणं हळूहळू वाढत जातं. ताप नसतो किंवा ९९-१०० च्या आसपास राहतो, मान आखडेलच असं नाही. मळमळ, धूसर दिसणं, सुस्ती, स्वभावात फरक, एवढंच. ट्रान्सप्लांटनंतर ती सहसा वर्ष उलटल्यावर दिसते. त्यामुळे पाचव्या महिन्यात शक्यता कमी आहे, पण समोर चबुतरा असताना ती सोडून देता येत नाही. डोकेदुखीला साधी कारणंही आहेत: वाढलेलं बीपी, किंवा रक्तात टॅक्रोलिमस जास्त होणं. मेडिकलवाल्याची ती गोळी यजमानांनी एखादी घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्याचं कारण पुढे येईल.

दवाखान्यात काय काय होईल हे आधी कळलं तर धावपळ कमी होते. शुगर, कीटोन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासतील. क्रिप्टोकोकसची अँटिजेन तपासणी साध्या रक्तावर होते आणि लवकर कळते. गरज वाटली तर स्कॅन करून पाठीतून पाणी काढतील. तेव्हा त्या पाण्याचा दाबही मोजायला हवा, कारण वाढलेला दाब उतरवणं हा उपचाराचाच भाग असतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून नाक पाहतील आणि संशयास्पद जागेचा तुकडा घेतील. तो केओएच नावाच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे आणि पडदे नसलेले तंतू दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, लहान कोनात फुटणारे दिसले तर बहुधा ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी. हा फरक फार मोठा आहे. ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल चालतं, म्युकरवर ते काहीही करत नाही. ॲस्परजिलस शोधणारी रक्तातली गॅलॅक्टोमॅननची तपासणीही म्युकर दाखवत नाही. त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून म्युकर नाही, असं कुणी म्हणालं तर नाकाच्या तुकड्याचा रिपोर्ट मागा.

म्युकर निघालाच तर शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढणं आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन, दोन्ही लागतं. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध कसं पोचणार? मात्रा साधारण किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल रोज. नावात ‘लायपोसोमल’ आहे का ते बिलावर वाचा. साधं ॲम्फोटेरिसिन पुष्कळ स्वस्त पडतं, पण किडनीला जास्त जड जातं आणि तुमच्याकडे एकच किडनी काम करते आहे. लायपोसोमल औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात. सलाइनमध्ये ते खराब होतं. किडनीला जपण्यासाठी सलाइन वेगळं, औषधाच्या आधी लावतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतात, म्हणून ते वरचेवर तपासावे लागतात.

आता शुगर. तुमच्या घरातल्या सगळ्या धोक्यांत भिंत, पारवे आणि नायटा एकत्र केले तरी शुगर त्यांच्यापुढे आहे. वाढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि म्युकरला असं रक्त मानवतं. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की शुगर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. बरेचजण फक्त उपाशीपोटीची मोजतात, ११० पाहून खूश होतात आणि संध्याकाळी चारला ती ३०० असते. महिनाभर रोज चार वेळा मोजा: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. उपाशीपोटी १३० च्या आत, जेवणानंतर १८० च्या आत हे साधारण उद्दिष्ट. नेमके आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील. दुपारचाच आकडा चढतो हे वहीत दिसलं की इन्सुलिनची वेळ बदलता येते. वही नसेल तर डॉक्टर अंदाजानं बदलतात.

सल्फाची गोळी ‘राहून गेली’ हे वाचून आम्हाला भिंतीपेक्षा जास्त काळजी वाटली. को-ट्रायमॉक्साझोलची ती गोळी न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीपासून फुप्फुस वाचवण्यासाठी असते. ट्रान्सप्लांटनंतर तीन ते सहा महिने ती देतात आणि रिजेक्शनचा उपचार झाला तर त्यानंतर निदान सहा आठवडे पुन्हा. बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त काळ चालू ठेवतात. म्हणजे गरज सर्वात जास्त होती तेव्हाच ती सुटली. आपण होऊन सुरू करू नका, कारण तिनं पोटॅशियम वाढतं आणि मात्रा किडनीप्रमाणे ठरते. पण आजच्याच फोनवर विचारा. या न्यूमोनियात कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो आणि सुरुवातीचा एक्सरे जवळपास स्वच्छ असू शकतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी ठेवा. बसून आकडा पाहा, मग एक मजला चढून लगेच पाहा. चारने किंवा त्याहून जास्त उतरला तर कळवा, बसून ९७ असला तरी.

आणि ताप. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाचा ताप दबलेला असतो. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, हा हिशेब आता तुमच्या घरात चालणार नाही. १०० फॅरेनहाइट दिसलं की फोन. पॅरासिटामॉल आकडा लिहून ठेवल्यावर.

नायट्याकडे येऊ. ट्यूबचं खोकं काढून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही असेल तर ते कडक स्टिरॉइड आहे. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये घातलेली अशी मलमं सगळीकडे मागाल तशी मिळतात. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. खाली बुरशी मोकळी सुटते, गजकर्णाची गोल कड पुसली जाते आणि मग त्वचेच्या डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. ती ट्यूब आजपासून बंद. फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवा. कड खरवडून केओएच तपासून घ्या. भारतात हल्ली पसरलेल्या नायट्याच्या बुरशीवर टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही, त्यामुळे ‘मागच्या वेळी भावाला लागू पडलं होतं’ हे उपयोगाचं नाही. जे मलम मिळेल ते डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे.

कमरेला करदोटा असेल तर तो काढा. हे कुणी विचारत नाही, पण ओला राहणारा करदोटा बुरशीचं घर असतो आणि बरा झालेला नायटा तिथून परततो. अंडरवेअर सुती आणि सैल, कढत पाण्यात धुवून उलटी करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री. टॉवेल वेगळा. आणि घरात अजून कुणाला खाजतंय का ते विचारा, कारण एकट्याचा उपचार केला तर नायटा घरातल्या घरात फिरत राहतो.

फ्लुकोनाझोलची गोळी मेडिकलवरून घेऊ नका. ते औषध वाईट नाही. पण यकृतात आणि आतड्यात टॅक्रोलिमस मोडणारी जी यंत्रणा आहे, ती हे औषध अडवतं. टॅक्रोलिमस साचतं: हात थरथरतात, डोकं दुखतं, शुगर आणि पोटॅशियम चढतं, क्रिएटिनिन वाढतं. मग घरात ‘पुन्हा रिजेक्शन’ म्हणून धाबं दणाणतं. आठवड्यातून एक गोळी म्हणजे दोन-तीन दिवस अंमल, मग उतार, आणि त्याबरोबर टॅक्रोलिमसचा झोका. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल हेही तेच करतात. शेवटची दोन सुरू करताना टॅक्रोलिमस साधारण एक-तृतीयांशावर आणावं लागतं आणि काही दिवसांतच पातळी पुन्हा तपासावी लागते. जास्त चुका मात्र दुसऱ्या टोकाला होतात. बुरशीचं औषध संपतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि टॅक्रोलिमस पुन्हा वाढवायचं राहून जातं. पातळी कोसळते आणि खरं रिजेक्शन येतं. बुरशीचं औषध कधी बंद होणार ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच आठवड्यात रक्त द्या. हे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आलेला आकडा कामाचा नाही. काही केंद्रांत टॅक्रोलिमस कमी लागावं आणि खर्च वाचावा म्हणून केटोकोनाझोल किंवा डिल्टियाझेम मुद्दाम देतात. तुमच्या यादीत तसं काही असेल तर ‘ही कशाला’ म्हणून बंद करू नका. पपनसही नको. तेही हीच यंत्रणा अडवतं.

दिरांना एवढंच सांगा की गोळ्या निम्म्या करण्याचा सल्ला चुकीचा आहे. गंभीर इन्फेक्शनमध्ये डॉक्टर गोळ्या कमी करतात हे खरं. बहुधा आधी मायकोफेनोलेट थांबवतात. पण ते रक्ताच्या रिपोर्टवर आणि दिवसाच्या हिशेबानं ठरतं. घरी निम्मी केलेली गोळी म्हणजे दुसरं रिजेक्शन, त्यावर पुन्हा स्टिरॉइडची इंजेक्शनं, आणि बुरशीला पुन्हा मोकळं रान.

आता भिंत. घर सोडायची गरज नाही. भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे ब्लॅक फंगस नव्हे, ती वेगळीच बुरशी असते. तरी ओलसर भिंतीतून ॲस्परजिलसचे बीजाणू सुटतात आणि ते फुप्फुसाला बाधू शकतात. म्हणून यजमानांची खाट आजच दुसऱ्या खोलीत हलवा. वरचा मजला असेल तर उत्तम. ठिपके कोरडे घासू नका, झाडूही फिरवू नका. बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, कोरड्या झटक्यानं घरभर होतात. आधी साबणाच्या पाण्यानं भिंत भिजवा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. मग एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात करून लावा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनेल कधीही घालू नका. मात्र ओल कुठून चढते ते सापडेपर्यंत हे सगळं तात्पुरतं. सुटलेलं प्लास्टर पायापर्यंत काढून, भिंत वाळवून, मगच नवं. वरून रंग मारलात तर पुढच्या पावसाळ्यात ठिपके हजर. हे काम चालू असताना आणि त्यानंतर दोन दिवस यजमान घरात नकोत. नातेवाइकांकडे पाठवा. ‘मास्क लावून बसतो’ चालणार नाही. एन-९५ घट्ट बसला तर मदत होते, निळा सर्जिकल मास्क बाजूनं उघडाच असतो.

गॅलरीतली विष्ठा दुसऱ्या कुणीतरी पाणी मारून, भिजवून काढायची. चबुतऱ्याकडची खिडकी बंद ठेवा, गॅलरीला जाळी लावा. दाणे टाकणं हे पुण्याचं काम, पण या वर्षी ते यजमानांच्या हातून नको. तुळशीला पाणी घालायला हरकत नाही, माती बदलणं आणि खत घालणं नको. बागेत अनवाणी फिरू नये. काटा रुतल्यावर महिन्यांनी तिथे न दुखणारी गाठ आली, तर तीही बुरशी असू शकते, तेव्हा बायोप्सी करून घ्या. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, अर्थात यजमानांनी नव्हे. नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानावरची धूळ यंदा टाळलेली बरी.

राहिला काढा. सासूबाईंशी हे तुम्हीच बोला आणि सगळ्यांसमोर नको. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी म्हणून देतात. यजमानांच्या शरीरात ती शक्ती चेतली तर तिला परकी दिसणारी पहिली वस्तू म्हणजे आईची किडनी. शिवाय गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत, आणि टॅक्रोलिमस यकृतातच मोडतं. आपण दिलेल्या किडनीसाठीच काढा थांबवतोय हे कळलं की त्या ऐकतील असं आम्हाला वाटतं. त्यांना काहीतरी हाती हवं असणार. पाणी उकळून गार करून डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं तांब्यात भरून ठेवणं आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी मुलाला हाक मारून शुगर मोजायला बसवणं, ही दोन कामं त्यांच्याकडे द्या.